रांजणांचे अतिक्रमण

हिंगोली जिल्हा वेगळा झाल्यानंतरच्या चौथ्या उन्हाळ्यात, पाडव्याआधीच्या सोमवारी, आमच्या फाट्यावरची पाणपोई पाडण्यात आली. जबाबदार : रस्त्याच्या खात्याचे तत्कालीन शाखा अभियंता. त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीने कारवाईस संमती दिली. जबाबदार : तत्कालीन सरपंच. वैशाखात त्याच जागी एका पुढाऱ्याच्या छायाचित्राचा फलक लागला आणि त्याखाली दोन कोरडे माठ ठेवले गेले. जबाबदार : वरील दोघे, आणि फलकाला हार घालणारे सर्व.

पाणपोई माझ्या पत्नीची होती. वारंगा फाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एसटी थांबते त्या लिंबाखाली, कुडाचा आडोसा आणि वाळूत रोवलेले तीन रांजण, एवढेच तिचे बांधकाम. दर उन्हाळ्यात ती सकाळी विहिरीचे पाणी डोक्यावर आणून ते भरत असे. मी न्यायालयातला निवृत्त कारकून. अर्ज लिहिणे हा माझा स्वभाव. तिने मला या कामासाठी एकही अर्ज लिहू दिला नाही.

ती कोणालाही पाणी ओतून देत नसे. लांब दांड्याचा पितळी पेला ती उतारूच्या हाती देई आणि म्हणे, "आपल्या हातानं घ्या." लहानपणी तिच्या गावच्या विहिरीवर आमच्या समाजाच्या लेकरांना पोहऱ्याला हात लावण्याची मुभा नव्हती. कोणी वरून ओतेल म्हणून ती ओंजळ धरून बसून राही. मोठेपणी तिने सेवा म्हणून जे केले, ते इतकेच : कोणाला दुसऱ्याच्या हाताखाली ओंजळ धरून बसू दिले नाही.

एकदा एक फेटेवाले आजोबा पेला हातात घेऊन थबकले.

"बाई, पानी कोनाचं हाय?"

"इहिरीचं."

"तसं न्हाई. भरलं कोनी?"

"मी भरलं. तहान कोनाची हाय, आजा?"

आजोबा हसले आणि प्यायले. पुढे दर बाजाराला ते एसटीतून उतरले की आधी तिच्याकडे येत. "तुझी इहीर लई बोलती," असे म्हणत पेला मागत.

कायद्याचा क्रम असा आहे : आधी नोटीस, मग म्हणणे मांडण्याची संधी, मग कारवाई. येथे रांजण फुटल्यावर दुपारी नोटीस हाती दिली गेली. तिला वाचता येत नव्हते, म्हणून मी वाचून दाखवली. ती एका शब्दावर अडली.

"आवो, अतिक्रमण म्हंजी काय?"

"दुसऱ्याच्या जागेत घुसणं."

तिने ओल्या वाळूतली एक खापरी उचलली. "मंग मी कोनाच्या जागेत घुसले?"

सगळी हयात कायद्याची कलमे उतरवून काढलेला मी, नोटीस पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागलो.

त्यानंतर ती फाट्यावर गेली नाही. कळमनुरीला जायचे झाले तर शेतातून चालत पुढच्या थांब्यावर जाई. शेवटच्या आजारात तिने माझ्याकडे एकच मागणे केले. "रांजण नका मागू त्यायला. तेवढा शब्द खोडून घ्या."

मी रस्त्याच्या खात्याला पत्रे लिहीत राहिलो. ती गेल्यानंतर उत्तर आले : संबंधित व्यक्ती मयत असल्याने प्रकरण निकाली काढण्यात येत आहे. तो शब्द तसाच राहिला. ती तो शब्द माथी घेऊनच गेली.

तत्कालीन शाखा अभियंता साहेब, आपण निवृत्त होऊन याच जिल्ह्यात राहता, हे मला ठाऊक आहे. मला भरपाई नको, आणि आपले लेखी उत्तरही आता नको. येत्या बाजाराच्या दिवशी एसटी थांबते त्या लिंबाखाली उभे राहा, आणि तिच्या हातचे पाणी प्यालेल्या लोकांसमोर सांगा : माझी बायको कोणाच्या जागेत घुसली होती?