कपाळाला लावलेले पत्ते

सोनईहून गहिनीनाथाच्या वस्तीकडे निघालं की वाटेत एक मुरमाड टेप, उजाड टेकाडच ते, लागायचं. त्या टेपावर कुसळसुद्धा धड उगवत नसे, पण गहिनीनाथाने तिथे आंब्याची कोय लावली होती. कोय रुजून बोटभर रोप वर आलं, तेव्हापासून तो गावातून येताजाता कळशीभर पाणी त्याच्या बुडाशी ओतायचा. कोणी हसलं तर म्हणायचा, "येईल की. त्याच्या मनात हाय."

गोठ्यात एक लंगडी कालवड होती, ती विकायला तो तयार नव्हता. छपराचा एक वासा वाकडा होता, तो त्याला हत्तीच्या सोंडेसारखा दिसायचा, म्हणून बदलायचा राहिला होता. मनकर्णा नवी नवी लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटलं, नवरा जरा आळशी आहे. वर्षभरात तिच्या ध्यानात आलं की तो आळशी नाही. त्याला फक्त प्रत्येक गोष्टीत जे अजून झालेलं नाही, पण होऊ शकेल, तेच आधी दिसतं.

पत्त्यांचंही तसंच. रमीला बसला की हातात आलेले तेरा पत्ते तो मोराच्या पिसाऱ्यासारखे उलगडायचा आणि गुणगुणायला लागायचा. पत्ते कितीही फुटकळ असोत, त्याला त्यांत काहीतरी जुळताना दिसायचं. मग डाव सोडायचं नावच नाही.

सोनईच्या मंडळाचे रमीचे सामने गणपतीत भरत. जिंकणाऱ्याला पितळेचं घंगाळ. नियम साधा होता. पत्ते पाहिल्याबरोबर, खेळण्याआधीच डाव सोडला तर वीस गुण अंगावर यायचे. खेळत राहून हरलं तर ऐंशीपर्यंत जायचे. दोनशे एक झाले की माणसाने उठायचं. म्हणून शहाणी माणसं सुरुवातीच्या डावांत वाईट हात आला की गुपचूप ठेवून देत. गहिनीनाथ ठेवत नसे, आणि दरसाल पहिल्या दिवशी सगळ्यांत आधी उठायचा.

त्या साली, म्हणजे दुष्काळ सरून पहिलं बरं पीक उभं राहिलं त्या साली, पोळ्याच्या दिवशी त्याचा थोरला भाऊ भिमाजी चारचौघांत म्हणाला, "गहिन्या, तुज्यापायी मला गावात मान खाली घालावी लागती. तेरा पत्ते खाली ठिवता येत न्हाईत व्हय तुला? यंदा पयल्या दिशी उठलास तर पुन्यांदा पत्त्याला हात लावायचा न्हाई."

"बरं," गहिनीनाथ म्हणाला.

"बरं न्हाई. मढीच्या कानिफनाथाची आण घे."

गहिनीनाथाने घेतली. भाऊ चिडून बोलतोय हे त्याला कळत होतं, पण आण ती आणच.

मनकर्णाला त्या रात्री घास गोड लागला नाही. आदल्या साली दोघं दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होते. दुपारी भाकरी खाऊन झाली की हा माणूस खडीच्या ढिगावर पत्ते मांडायचा आणि राजा-राणीच्या गोष्टी रचून सांगायचा. हातांना फोड आलेल्या बाया हसू लागायच्या. एके दिवशी पत्ते घरी विसरले, तर तो दिवसभर दगडासारखा बसून राहिला. ते बसणं तिने पाहिलं होतं. आता पत्ते कायमचे सुटले तर घरात कोण राहील, एवढाच विचार तिच्या डोक्यात फिरत राहिला.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी लिंबाखाली ती त्याला पत्ते वाटू लागली. खेळायचं नाही. नुसतं बघायचं आणि ठेवायचे की धरायचे ते सांगायचं.

"धरायचे," गहिनीनाथ म्हणे.

"काय बघून?"

"ही इस्पिकची सत्ती बघ, ही नव्वी. मधली अठ्ठी तेवढी न्हाई. आसंल कुनाच्या हातात, हिकडंच वाट बघत."

"आन् बाकीचे अकरा?"

"ते हायेत की सोबतीला."

मनकर्णाला हसू यायचं आणि रडूही. असे कितीतरी हात वाटून झाले. एकही त्याने खाली ठेवला नाही.

मध्ये एक दिवस त्याला कणकण होती. तोंडाला चव नव्हती, तरी ताटातली भाकरी तो पाण्याच्या घोटाबरोबर ढकलत होता.

"अवो, न्हाई जात तर ऱ्हाऊ द्या की," ती म्हणाली.

"वाढल्यालं ताट सारायचं न्हाई. आई काय म्हनायची?" मग कोनाड्यातल्या पत्त्यांकडे बघून जरा ओशाळून म्हणाला, "त्याचं बी तसंच वाटतं मला. कुनीतरी हातानं वाटलंय आपल्याला. परत कसं सारायचं?"

मनकर्णाच्या हातातला तवा तसाच राहिला. इतकी वर्षं सगळे त्याला हावरट समजत आले होते, आणि हा आपला पंगतीला बसल्यासारखा प्रत्येक डाव संपवत होता.

जरा वेळाने तिने सासूची आठवण काढत विचारलं, "आत्याबाई एकादशीला कुनाकडं गेल्या, आन् समोर ताट आलं, तर काय करायच्या?"

"हात लावायची. हात कपाळाला न्यायची. मंग म्हनायची, पावलं, मला पोचलं."

"ते ताट सारनं हुतं का?"

उरलेली भाकरी गहिनीनाथाने त्या दिवशी कपाळाला लावून दुरडीत ठेवली.

सामन्यांच्या दिवशी शाळेच्या पटांगणात मांडव होता. मांडवात सतरंज्या, पायऱ्यांवर वाती वळत बसलेल्या बाया. मनकर्णा खांबाशी बसली. तिथून तिला नवऱ्याची नुसती पाठ दिसत होती. पहिला डाव वाटला गेला. गहिनीनाथाने पत्ते उलगडले, खूप वेळ पाहिले, मिटले, कपाळाला लावले आणि पालथे ठेवून दिले.

समोर बसलेला श्रीमंत नावाचा गडी फिसकन हसला. "आरं, पत्ते ठिवतोय का पोथी?"

"पावलं," गहिनीनाथ म्हणाला.

मांडवभर हशा झाला. भिमाजीने मान फिरवली. पण दुपार कलली तेव्हा हसणाऱ्यांतले दोघं उठून गेले होते आणि गहिनीनाथ बसलेला होता. वाईट हात आला की कपाळाला लावून ठेवायचा, बरा आला की खेळायचा. दोन डाव त्याने जिंकलेसुद्धा.

बाया मनकर्णाला कोपराने ढोसत होत्या. लंकाबाई म्हणाली, "काय गं, मंतर दिलास व्हय त्यांना?" मनकर्णा हसली, पण तिचे कान दुसरीकडे होते. सकाळपासून तो एकदाही गुणगुणला नव्हता. पाठ नीट ताठ होती, जशी खडीच्या कामावर त्या दिवशी होती. जागा राखता राखता आपण माणूसच रिकामा केला की काय, असं तिच्या मनात आलं आणि वात हातातच पिळली गेली.

दिवसाचा शेवटचा डाव. मांडवात उन्हाची तिरीप आली होती, तिच्यात धूळ सोन्यासारखी तरंगत होती. गहिनीनाथाच्या अंगावर इतके गुण साठले होते की खेळून हरला तर उठणार. ठेवून दिले तर उद्याची जागा पक्की. त्याने पत्ते उलगडले.

आणि तो गुणगुणू लागला.

मनकर्णाने डोळे मिटले. झालं, आता हा खेळणार. त्याला दिसलं त्यात काहीतरी. भिमाजी मांडवाच्या कडेला उभा होता, तोही नकळत दोन पावलं पुढे आला. गुणगुण चालूच होती, लांबवरच्या मोटेच्या गाण्यासारखी, कधी वर जाणारी, कधी विहिरीत उतरणारी.

"गहिनी, सांज व्हाया लागली," श्रीमंत म्हणाला. "देव निजंल तुजा."

गुणगुण संपली. तिने डोळे उघडले तेव्हा पत्ते त्याच्या कपाळाला होते. मग ते सतरंजीवर पालथे झाले.

घरी जाताना भिमाजी गाडी हाकत होता. बाजरीच्या कणसांवर निळसर उजेड उतरला होता आणि बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांशिवाय कसलाच आवाज नव्हता. मनकर्णाला विचारायचं होतं, पण धीर होईना. मग गहिनीनाथच आपणहून बोलू लागला.

"सकाळचा पयला हात लई एकला हुता बघ. चौकटची तिर्री, किलवरचा एक्का, कुनाचं कुनाशी नातं न्हाई. पर एक्क्याला दुर्री भेटली आसती ना, तर..."

तो सांगत राहिला. दिवसभर कपाळाला लावून ठेवलेला एकेक हात त्याने तसाच मनात धरला होता, आणि आता एकेकाला खेळवून शेवटाला नेत होता. कुठे राणी नदी ओलांडून येत होती, कुठे अठ्ठी वाट चुकून भलत्याच गावाला जात होती. मनकर्णा गाडीच्या कठड्याला टेकून ऐकत होती. त्याने काहीच टाकलं नव्हतं. सगळं बरोबर घेऊन निघाला होता.

"आन् शेवटचा?" तिने हळूच विचारलं.

"तो लई देखना हुता. बदामाचा राजा, बदामाची राणी, शेजारी शेजारी. गुलाम तेवढा यायचा हुता. मला दिसला बी, लांबनं येताना. मंग म्हनलं, यायचा तर सावकाश येऊ दे, वाटंत आइकू त्याचं..."

इतक्यात टेप आलं. गहिनीनाथ बोलता बोलता थांबला आणि गाडीत मागे ठेवलेली कळशी चाचपू लागला.

भिमाजीने कासरा ओढला. खाली उतरून कळशी त्यानेच घेतली, रोपाच्या बुडाशी पाणी ओतलं आणि अंधारात तसाच उभा राहिला.

"उंद्या लवकर निगाया पायजे," तो जरा घोगऱ्या आवाजात म्हणाला. मग गाडीत चढून बसला, पण बैल हाकले नाहीत.

"मंग?" त्याने विचारलं. "गुलाम आला का न्हाई?"