पहिल्या रांगेतली जागा

केल्विन हॉस्किंगला खाणीवर कुणी केल्विन म्हणत नसे. सगळे त्याला ‘मुक्काम’ म्हणत. मुक्काम आला का, मुक्कामला विचारा, मुक्कामची बॅग बाजूला काढा. मला ते नाव कधीच आवडलं नाही, आणि तसं मी त्या मेल्यांना तोंडावर सांगितलंही होतं. ते हसले आणि आणखी एकेक सॉसेज मागून बसले.

मी पर्थच्या विमानतळावर लाउंजमध्ये काउंटर सांभाळते. साध्या प्रवाशांच्या लाउंजमध्ये नाही. खाणवाल्यांच्या विमानांची वेगळी इमारत आहे, तिथे. कंपनी विमानं भाड्याने घेते, माणसं उत्तरेला लोखंडाच्या खाणीवर नेऊन सोडते, दोन आठवडे राबवते आणि आठवडाभरासाठी परत आणून टाकते. त्या येण्याजाण्यात आम्ही त्यांची सरबराई करतो. जाताना गरम नाश्ता, येताना थंडगार बिअर, दोन्ही फुकट. अंघोळीला गरम पाणी, पाठ चेपून देणाऱ्या खुर्च्या, गाडी ठेवायला सावली, आणि पाहिजे असेल तर माणूस वर खाणीत असताना त्याची गाडी धुऊन पुसून ठेवायची. इतकं कौतुक ह्यांच्या बायकांनीही कधी केलं नसेल. नवीन आलेली पोरं हरखून जातात. जुनी माणसं गुपचूप खातात आणि घड्याळाकडे बघत बसतात.

केल्विन जुन्यांपैकी. डोंगराएवढे ट्रक चालवायचा, लाल माती खड्ड्यातून वर आणायची, पुन्हा खाली जायचं. बोलायला कमी. अंडं अर्धं कच्चं लागायचं आणि टोस्ट करपलेला. पर्थजवळ रॉकिंगहॅमला त्याचं छोटं घर होतं आणि घरात बायको, नोएलीन. मूलबाळ नव्हतं. सगळं आक्रीत घडलं ते तिथूनच.

आमच्याकडे ऑस्ट्रेलियात जानेवारी-फेब्रुवारी म्हणजे भर उन्हाळा, तेव्हा उत्तरेला असं ऊन पडतं की धावपट्टीचं डांबर बुटाला चिकटतं. त्या तापल्या हवेत भरलेलं विमान नीट उचललं जात नाही, आणि खाणीची धावपट्टी तशीही आखूड. मग वैमानिक सांगतो, चार-पाच जण कमी करा. जे राहतात त्यांनी रात्र कॅम्पवर काढायची आणि सकाळच्या गारव्यात पुढच्या विमानाने यायचं. राहायचं कुणी, हे कुठे लिहिलेलं नाही, पण रिवाज पक्का आहे. ज्याच्या घरी लहान पोरं त्याने जायचं. ज्याच्या घरी नाहीत त्याने राहायचं.

खाणीच्या धावपट्टीवर माणसं विमानात चढवणारा वॉरिक आधी विचारायचा तरी, की कोण राहतंय गड्यांनो. केल्विनचा हात वर जायचा. कुणाच्या पोरीचा वाढदिवस असायचा, कुणाच्या मुलाची मॅच असायची, आणि केल्विनला ह्या गोष्टी खऱ्याच मोठ्या वाटायच्या. पुढे पुढे वॉरिकने विचारणंच सोडलं. तो सरळ नावं पुकारायचा आणि पहिलं नाव केल्विनचं असायचं. केल्विन हसून आपली बॅग ओढून बाजूला उभा राहायचा. ‘मुक्काम’ हे नाव तिथलं.

राहिल्याबद्दल कंपनी बक्षीस देते हो. दुसऱ्या दिवशी विमानात पहिल्या रांगेतली जागा, पाय पसरायला ऐसपैस, आणि आमच्या लाउंजमध्ये एक पाहुणा आणायचं कार्ड. केल्विनच्या पाकिटात अशी कार्डं नुसती पडून असायची. पाहुणा आणणार कोण? घरी जायचं सोडून इथे कोण बसेल?

एकदा मात्र तो नोएलीनला घेऊन आला. तिनेच हट्ट धरला होता, मला ती जागा बघायचीच म्हणून. बारीक अंगाची, फुलाफुलांचा ड्रेस घातलेली, डोळे भारी मिश्कील. सगळीकडे फिरली. पाठ चेपणाऱ्या खुर्चीत बसून पाहिलं, अंघोळीच्या खोल्या उघडून बघितल्या, माझ्या काउंटरवरचं एकेक झाकण उचललं. मग केल्विनला म्हणाली, “हे आहे होय ते. घरी येतोस आणि जेवायला नको म्हणतोस. मी आपली समजत होते, माझ्या हातची चव गेली.”

केल्विन लाजला. तो कॉफी आणायला गेला तेव्हा ती माझ्याकडे वळली. म्हणाली, “किती देतात गं हे लोक. पण म्हटलं वेळेवर घरी पाठवा, तर तेवढं नेमकं जमत नाही.”

मला ती बाई फार आवडली. त्या वेळी तिच्या पोटात गाठ वाढायला लागलेली होती, पण ते तिलाही ठाऊक नव्हतं.

कळलं तेव्हा उपाय उरला नव्हता. केल्विनने साठलेली सगळी रजा तिच्या उशाशी बसून संपवली. नंतर तिला रॉकिंगहॅमच्याच एका शुश्रूषागृहात हलवलं, जिथे माणसाला बरं करायला नाही, सुखाने जाऊ द्यायला ठेवतात. तिनेच त्याला कामावर धाडलं. तू असा बघत बसलास की मला मेल्यासारखंच वाटतं, म्हणाली. एक फेरी करून ये, मी कुठे पळून जात नाही. डॉक्टरही म्हणाले, अजून अवकाश आहे.

हे सगळं तो मला सांगायचा, अंडं खाता खाता, ताटात बघून. खाणीवर कुणाला म्हणून बोलला नाही. तिथे घरचं बोलत नाहीत. आणि बोललं तर लगेच ट्रकवरून उतरवतात, डोकं ठिकाणावर नसलेला माणूस स्टिअरिंगवर नको म्हणून. दिवसभर कॅम्पच्या खोलीत छताकडे बघत पडण्यापेक्षा ट्रक बरा, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, निदान त्या ट्रॉयला तरी सांग. ट्रॉय त्याच्याच पाळीतला फिटर, आडदांड पण मनाने बरा. केल्विन नुसता बघू म्हणाला.

परतीच्या दिवशी सकाळी त्याचा मला कॅम्पवरून फोन आला. नर्सने कळवलं होतं, आता फार वेळ नाही, विमानातून उतरलात की थेट इकडेच या. तो म्हणाला, “ग्लेनिस, टॅक्सी दारात उभी ठेवशील का? आज मला गाडी चालवता येणार नाही.” मी म्हटलं, ठेवते, तू फक्त ये.

मी टॅक्सी लावून ठेवली. वाटेत खायला सँडविच बांधून ठेवलं, करपलेल्या टोस्टचं. विमान दुपार कलल्यावर उतरलं. माणसं आत यायला लागली, लाल धुळीने माखलेले बूट, हसणं, पहिल्या बिअरसाठी रेटारेटी. मी दाराकडे बघत उभी. शेवटचा माणूस आला, त्याच्यामागून वैमानिक आला, आणि दार मिटलं.

मी ट्रॉयला गाठलं आणि केल्विन कुठाय म्हणून विचारलं.

“मुक्काम? राहिला की,” तो म्हणाला. “तिकडे काय आग पाखडतंय ऊन, पाच जण उतरवले.”

“आणि तो काही बोलला नाही?”

“तो काय बोलणार? वॉरिकने नाव घेतलं, बॅग घेऊन बाजूला झाला. जरा उभा राहिला होता खरा विमानाकडे बघत. आम्हाला वाटलं, उन्हाने.”

“त्याची बायको मरतेय, ट्रॉय. आज.”

ट्रॉयने हातातला ग्लास काउंटरवर ठेवला. मागून कुणीतरी पुटपुटलं, की मग सांगायचं तरी त्याने. मी वळून म्हटलं, “आणि तुम्ही विचारलंत?” ट्रॉयने वॉरिकला फोन लावला. मग कंपनीला लावला, मग आणखी कुणाकुणाला. आमच्या वैमानिकाचे उडायचे तास संपले होते. खाणीला जवळचं गाव चार तासांवर आणि तिथलं शेवटचं विमान गेलेलं. फुकटची बिअर नळाशी तशीच राहिली, त्यानंतर कुणी प्यायलं नाही. टॅक्सीवाला दोनदा आत येऊन विचारून गेला. मग मीच त्याला जा म्हणून सांगितलं.

नोएलीन पहाटे गेली.

केल्विन सकाळच्या विमानाने आला. सगळ्यांच्या आधी उतरला, कारण पहिल्या रांगेत होता. हातात ते पाहुण्याचं कार्ड होतं, खिशात घालायचं सुद्धा सुचलं नसावं. आता टॅक्सीची घाई नव्हती, म्हणून तो बसला. मी अंडं आणलं. त्याने काटा उचलला आणि परत ठेवला.

माझा राग अजून गेलेला नव्हता. मी विचारलं, का नाही बोललास?

तो टेबलावरून हात फिरवत राहिला. म्हणाला, “नाव घेतल्यावर मी वळून पाहिलं, ग्लेनिस. माझ्या बदल्यात कुणाला उतरवा म्हणून सांगू? एकाने पोरीसाठी बाहुली घेतली होती, ती अशी काखेत धरली होती. मला वाटलं, नोएलीन एक रात्र थांबेल. ती नेहमी थांबायची.”

मग म्हणाला, “नर्सने रात्री फोन तिच्या कानाशी धरला होता. तिला बोलता येत नव्हतं, नुसता श्वास ऐकू यायचा. मला काय बोलावं तेच सुचेना. मी सांगितलं, उद्या सकाळी येतो, पहिल्या रांगेत जागा मिळालीये.”

मी काउंटरच्या मागे जाऊन रडले. गिऱ्हाइकासमोर रडायचं नाही असा आमच्याकडे नियम आहे, आणि तो मी मोडला नाही एवढंच.

अंत्यविधीला पाळीतले झाडून सगळे आले. इस्त्रीचे शर्ट घालून रांगेत उभे, मानेवरचा लाल मातीचा रंग काही केल्या जात नव्हता. बाहुलीवाला तर केल्विनच्या समोर यायलाच धजेना. तिथेच त्या लोकांनी आपसांत ठरवलं आणि वॉरिकच्या गळी उतरवलं, की ह्यापुढे कितीही ऊन असो, कितीही माणसं उतरवायची असोत, केल्विन कधी राहणार नाही. तो सगळ्यांच्या आधी चढणार आणि पहिल्या रांगेत बसणार. ‘मुक्काम’ हे नावही त्यांनी त्या दिवसापासून टाकलं. माणसं वाईट नाहीत हो. वाईट असती तर मला बोलायला सोपं गेलं असतं.

आता केल्विन वेळेवर येतो, अगदी नेमाने. विमानाचं दार उघडलं की पहिला तोच. बाकीचे एक बिअर पिऊन घराकडे पळतात, आणि हा पाठ चेपणाऱ्या खुर्चीत बसून राहतो. खुर्ची चालू करत नाही. मी ताटं उचलते, टेबलं पुसते, दिवे मालवायला लागते, तेव्हा उठतो. बाहेर त्याची गाडी धुऊन पुसून लख्ख उभी असते. पाकिटातली कार्डं तशीच आहेत. एकदा मला म्हणाला, तुला कुणी पाहुणे आणायचे असले तर घे.

गेल्या महिन्यात तो काउंटरशी येऊन उभा राहिला, लहान मुलासारखा काठाला धरून.

“ग्लेनिस, तू त्यांना सांग ना. मला राहू द्या म्हणावं. कॅम्पवर निदान शेजारच्या खोलीतलं घोरणं तरी ऐकू येतं. घरी गेलो की मी पलंगाच्या तिच्या बाजूचा दिवा लावून बसतो, आणि सकाळ होतच नाही. मी स्वतः वॉरिकला सांगून बघितलं. तो माझी बॅग उचलून विमानात ठेवतो.”

मी सांगते म्हटलं. पुढच्या फेरीला ट्रॉय आला तेव्हा त्याला बाजूला घेतलं आणि केल्विनचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं, घोरण्यासकट. ट्रॉयने मान खाली घालून ऐकलं. एवढा धिप्पाड माणूस, त्याचे डोळे भरून आले.

“असाच आहे गं तो,” ट्रॉय म्हणाला. “एवढं झालं तरी अजून आमच्याच पोरांचा विचार करतो.”

मी म्हटलं, अरे तसं नाहीये ते. पण त्याने माझा हात थोपटला आणि म्हणाला, काळजी करू नकोस, आता आम्ही त्याचं काही एक ऐकणार नाही.

काल उत्तरेला ऊन पुन्हा आग पाखडत होतं. सहा जण मागे राहिले, असं वैमानिक म्हणाला. विमान लागलं, दार उघडलं, आणि केल्विन सगळ्यांच्या आधी उतरला.