टोबायस पिनॉकचा देव

इंग्लंडातल्या सॉमरसेट परगण्यातल्या आमच्या गावात टोबायस पिनॉक लोकर विंचरायचा आणि चर्चचा कारभारही बघायचा. माणूस तसा धर्माचा पक्का. फक्त धर्म कुठला, ते वरून हुकूम आल्यावर ठरायचं.

आधी तो शब्बाथचा, म्हणजे रविवारच्या पवित्र विश्रांतीचा, कैवारी होता. रविवारी कुणी वसंतोत्सवाच्या खांबाभोवती नाचलं की हा कुंपणामागून बघायचा आणि सोमवारी तक्रार घेऊन पाळकाच्या दारात. मग राजाचा हुकूम आला: प्रार्थना झाल्यावर नाचा, खेळा, हरकत नाही. पुढच्याच रविवारी टोबायस त्याच खांबाला हार बांधत होता. न नाचणाऱ्यांकडे बघून म्हणाला, "राजापेक्षा जास्त सोवळे झालात का रे?"

पुढे बिशपने प्रभुभोजनाचं मेज पूर्वेच्या भिंतीला लावून भोवती कठडा घालायला सांगितला. कठड्यापाशी गुडघे टेकतील त्यांनाच भाकर आणि द्राक्षारस. उर्सुला क्रॅब ही आमच्याकडची म्हातारी विधवा. ती बाकावरच बसून राहिली.

टोबायस तिच्याजवळ गेला. "म्हातारे, ऊठ. सगळे गेले."

"मी देवापुढे वाकते," ती म्हणाली. "सुताराच्या कामापुढे नाही."

त्याने तिला बिशपच्या कोर्टात खेचलं. तिला चर्चच्या मंडळीतून बहिष्कृत केलं. निकाल वाचून झाल्यावर, भर रविवारी, त्यानेच तिला दंडाला धरून दाराबाहेर काढलं. तेव्हा मीही बाकावर होतो आणि इतरांसारखाच गप्प होतो. त्या हिवाळ्यात ती वारली. बहिष्कृत म्हणून चर्चच्या आवारात जागा मिळाली नाही. तिच्या मुलीने, थॉमसिनने, तिला रस्त्याकडेच्या पडीक जागेत पुरलं.

काही वर्षांनी राजा आणि पार्लमेंट यांच्यात लढाई जुंपली आणि वारं फिरलं. बिशपांवर उठलेले पार्लमेंटचे शिपाई गावात शिरायच्या आत टोबायसने कुऱ्हाडीने कठडा तोडला. लाकूड वाया कशाला घालवायचं म्हणून त्याचं डुकरांसाठी खोपटं केलं. बिशपला तो आता भर चौकात शिव्या द्यायचा आणि रविवारी कुणी पाण्याची बादली उचलली तरी ओरडायचा.

अशाच एका रविवारी थॉमसिन पडीक जागेतून उकरलेली आईची शवपेटी हातगाडीवर घेऊन आली आणि चर्चच्या आवारात फावडं मारू लागली.

टोबायस धावत आला. "आज शब्बाथ आहे, बाई. उद्या कर."

"माझ्या आईला तुम्ही कुठल्या वारी बाहेर काढलंत, काका?"

"तेव्हाचा कायदा वेगळा होता."

"देव पण वेगळा होता का?"

त्याने आमच्याकडे पाहिलं. "ऐकताय ना हिचं? धरा हिला."

कुणी हललं नाही. मग लोहार हेनरी गॅमॉनने कोट काढून भिंतीवर टाकला आणि थॉमसिनच्या हातातलं फावडं घेतलं. पाठोपाठ आणखी दोघे उतरले, आणि मीही. टोबायस आमची नावं घेऊन शिक्षा सांगत होता. खड्डा खोल होत गेला तसा त्याचा आवाज बसत गेला. पेटी खाली उतरली तेव्हा थॉमसिन मातीतच गुडघ्यांवर बसली आणि आईचं नाव घेऊन रडली.

त्या दिवसानंतर गावात टोबायसच्या बोलण्याला कुणी उत्तर देईना. त्याने विंचरायला लोकर मागितली तरी लोक खांदे उडवून पुढे जायचे. वर्षभरात घर विकून तो टॉन्टन शहरात गेला. तिथे त्याला ओळखणारं कुणी नव्हतं. ऐकतो की तिथल्या चर्चच्या मंडळीने त्याला आपला वडीलधारा पंच नेमलं, आणि तो मेला तेव्हा पाळकाने त्याच्या अढळ श्रद्धेवर लांबलचक प्रवचन दिलं.