रानातून बाहेर

दौंड स्टेशनच्या पार्सल ऑफिसात एक कारकून होते. इंग्रजी वाक्प्रचारांचं पुस्तक कायम त्यांच्या कोटाच्या खिशात. चहा मागवतानासुद्धा एखादा वाक्प्रचार फेकायचे, आणि समोरच्याला अर्थ कळला नाही की त्यांचा चेहरा खुलायचा. रेल्वे खात्याची परीक्षा द्यायची म्हणून इतर पोरांबरोबर मीही इंग्रजी शिकायला वही घेऊन तिथं जाई.

एकदा वरवंडचे एक आबा पत्र वाचून घ्यायला आले. त्यांचा मुलगा मिशनच्या दवाखान्यात होता, आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंनी इंग्रजीत कळवलं होतं. पत्र वाचून कारकून गालात हसले.

“मुलगा रानातून बाहेर आलाय, असं लिहिलंय. याचा अर्थ काय, सांगा बघू.”

“सायेब, पोरगं हाय का न्हाई, तेवढं सांगा.”

“थांबा. साहेबाची भाषा अशी वरवर कळत नसते.”

त्यांनी पुस्तकात पान शोधलं, मूळ वाक्य दोनदा मोठ्यानं म्हटलं, आम्हा सगळ्यांना अर्थ विचारून पाहिला, आणि मग सांगितलं की जिवावरचं टळलंय. तोवर आबा पटका हातात धरून खाली बसले होते.

त्या कारकुनाची मला किळस आली. आबांना उठवायला मी हात पुढं केला, तर हातात पेन्सिल होती. वाक्प्रचार मी वहीत उतरवून घेतला होता.