मुश्ताकचा आवाज अजून फोनवर आहे

मुश्ताक वेलवटच्या जेटीवर फेरीची तिकिटं फाडायचा आणि ऑफिसातला फोन घ्यायचा. आगरदांड्याच्या मोठ्या फेरीशी आमचा काही संबंध नाही. आमची खाडी लहान, फेरीही लहान. पलीकडे जायला वळसा घालून रस्ता आहे, पण त्यात अर्धा दिवस मोडतो. माझं पंक्चरचं दुकान जेटीच्या तोंडाशीच, त्यामुळे मुश्ताकचं बोलणं मला रोज फुकटात ऐकायला मिळायचं.

त्याला फोनवर फेरीची वेळ सांगायला ठेवला होता. पण हा बाबा आधी सलामाला जवाब देणार, मग समोरच्याच्या सुनेचं बाळंतपण, कतारमधल्या पोराचा व्हिसा, म्हशीचं दुखणं, सगळं विचारून झाल्यावर सांगणार, “या निवांत, ओहोटी हाय, उशिरा सुटंल.” तोवर खिडकीवरची रांग वैतागून जायची. मीही वैतागायचो. एकदा म्हटलं, “तू लग्नं जुळवायचं ऑफिस काढ रे.” तेव्हा तो खो खो हसला होता. कुणी अडलेली बाई येणार असली किंवा कुणाला मय्यतीला पोचायचं असलं, की तो धक्क्यावर जाऊन फेरी चालवणाऱ्या सारंगाला हात करायचा आणि फेरी थांबायची. कंपनीच्या नियमात ते बसत नव्हतं. कुणी विचारतही नव्हतं.

मग मालकाचा मुलगा अल्पेश धंद्यात आला. पोरगा वाईट नाही. त्याने भिंतीवर तिकिटाचं मशीन लावलं आणि फोनवर रेकॉर्ड केलेला आवाज. लोकांना ओळखीचा वाटावा म्हणून आवाज मुश्ताकचाच घेतला. पंखा बंद करून, दार लावून, मुश्ताक दिवसभर कागद वाचत बसला. वेळापत्रकासाठी एक दाबा. गाडी न्यायची असेल तर दोन दाबा. संदेश ठेवायचा असेल तर बोला. आणि बोलून झालं की, “आपला संदेश मिळाला. काळजी करू नका.” घामाने निथळत बाहेर आला तेव्हा मी त्याची चेष्टा केली, “झालास बाबा अमर!” महिना संपला तसं अल्पेशने त्याला सांगितलं, आता तुमची गरज नाही. मुश्ताक म्हणाला, “बरं.”

खोटं कशाला बोलू, मशीन चांगलं चालतं. रांग हटली. पुण्या-मुंबईची मंडळी मोबाईलवर तिकीट काढतात आणि सरळ गाडी चढवतात. मशीन उद्धट बोलत नाही, जेवायला जात नाही, नमाजाला उठत नाही. मला त्याचा राग येतो, पण त्याच्यात खोट काढता येत नाही, याचा जास्त येतो.

लोचा झाला तो वेगळाच. गावोगावची म्हातारी माणसं त्या नंबरवर फोन करीत, आणि पलीकडून मुश्ताक बोलतोय म्हटल्यावर त्याच्याशी बोलायला लागत. सलाम करीत, तो जवाब देत नसे. ख्यालीखुशाली विचारीत, तो म्हणे दोन दाबा. बोर्लीच्या बाजारात लोक त्याला धरून विचारू लागले, “काय रे, माज आला काय तुला?” पहिल्यांदा त्याने समजावलं, तो मी न्हाय, मशीन हाय. मग समजावणं सोडलं. “चुकलं,” म्हणायचा आणि पुढे जायचा. माझ्या दुकानात येऊन बसे, पण तिथेही गप्प. मी बोललो की मान हलवायचा. नोकरी गेल्याचं दुःख झालंय का, असं मी एकदा स्पष्टच विचारलं. तो म्हणाला, “काय न्हाय वाटत, हरेश्वर. काहीच न्हाय वाटत.” तो रडला असता तरी मला भय वाटलं नसतं, एवढं या उत्तराचं वाटलं.

एका माणसाला मात्र त्याने नोकरी गेल्याचं सांगितलं नव्हतं. ती जहुरा चाची. आई गेल्यावर तिनेच त्याला पोटच्या पोरासारखा वाढवला. बोर्लीत एकटी राहते. तिला वाचता येत नाही. नंबर एकच पाठ, जेटीचा.

गेल्या थंडीत खाडीपलीकडे चाचीचा धाकटा भाऊ वारला. दफन दुपारच्या नमाजानंतर. बायका कबरस्तानात जात नाहीत, तेव्हा तोंड बघायचं ते घरातच, मय्यत उठण्याआधी. शेजारचा शारिक सकाळीच गाडी घेऊन आला, “चाची, रस्त्यानं नेतो, आता निघालो तर पोचू.” चाचीने आधी जेटीला फोन लावला. फोनवरच रडली. भावाबद्दल काय काय बोलली ते तिचं तिलाच ठाऊक. शेवटी म्हणाली, “मी येतंय, फेरी थांबव.” मुश्ताकचा आवाज म्हणाला, “आपला संदेश मिळाला. काळजी करू नका.” तिने फोन ठेवला आणि शारिकला सांगितलं, “रस्ता नको. माझा पोरगा फेरी थांबवतोय.”

फेरी वेळेवर सुटली. ते संदेश कुणी ऐकतच नाही, हे नंतर कळलं. चाची धक्क्यावर पोचली तेव्हा फेरी खाडीच्या मध्यावर होती. माझ्या दुकानासमोरच ती मटकन खाली बसली. मी तिला पाणी दिलं, तिने घेतलं नाही. पुढची फेरी दुपारनंतरची. ती पलीकडे गेली तेव्हा पुरुष माणसं माती देऊन परत येत होती.

मुश्ताकला हे संध्याकाळी कळलं. तो तडक जाईल असं मला वाटलं होतं. तो चार दिवस घराबाहेर पडला नाही. शेवटी मीच त्याला मोटारसायकलवर बसवून बोर्लीला नेला. वाटेत दहा वेळा बजावलं, सरळ सांगून टाक, नोकरी गेली, मशीन होतं, तुझा काही दोष नाही.

चाची खाटेवर बसली होती. तोंड पार उतरलेलं. सुन्न. शारिक म्हणाला, रात्रभर जागी असते, भिंतीकडे बघत. तिने मुश्ताकला बस म्हटलं नाही.

“लोक सांगतात, तो तू नव्हतास,” ती म्हणाली. “मशीन होतं म्हणतात. तिकडं कुनीच नव्हतं म्हणतात. मग माझ्या भावासाठी मी रडले, ती कुनापुढं रं?”

मी मुश्ताककडे बघितलं. त्याने एवढंच म्हणायचं होतं, हो चाची, मशीनच.

“माझ्यापुढं,” मुश्ताक म्हणाला. “मीच होतो, चाची. सगळं आयकलं. फेरी थांबवायची राहिली माझ्याकडून.”

चाचीने असा काही हंबरडा फोडला, की आतल्या बायका धावत आल्या. त्याला वाट्टेल ते बोलली, पाजलेलं दूध काढलं, खाल्लेलं मीठ काढलं, आणि शेवटी म्हणाली, “निघ माझ्या घरातून. परत उंबरा चढू नको.” तो उठला.

अंगणात मी त्याच्यावर ओरडलो. म्हटलं, वेड लागलंय का तुला? जगात तुझं एक माणूस होतं, तेही घालवलंस!

तो खाली वाकून आपल्या चपला शोधत होता.

“हळू बोल,” तो म्हणाला. “आता झोप लागंल तिला.”