नायट्राइडचा न जुळलेला आलेख

पुस्तकाच्या शेवटचं उत्तर आधी बघून मग गणित सोडवायचं, असं तुम्ही कधी केलंय का? लातूरच्या क्लासमध्ये आम्हाला ते रीतसर शिकवलं जायचं. चारही पर्याय एकेक करून समीकरणात घालायचे आणि बसेल त्यावर खूण करायची. ही कच्ची गणितं मी वडिलांच्या उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूला करायची. वडील शाळामास्तर. भूकंपानंतर ‘आज रात्री पुन्हा होणार’ अशी अफवा उठली की लोक अंथरुणं घेऊन मैदानात जायचे, तेव्हा त्यांनी ही पत्रकं वाटली होती. छापील बाजूला लिहिलेलं होतं, ‘पुढचा भूकंप कधी होईल, हे आज कोणालाच सांगता येत नाही. जो सांगतो, तो फसवतो.’

पुढे नांदेडला मी गॅलियम नायट्राइडच्या ट्रान्झिस्टरवर प्रबंधाचं काम घेतलं. त्यात दोन वेगळ्या थरांच्या सांध्यावर इलेक्ट्रॉन पातळ पत्र्यासारखे गोळा होतात. सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरसारखी वेगळी भेसळ करावी लागत नाही, थरांमधला ताणही ते काम करतो. हे इलेक्ट्रॉन किती आणि किती सहज धावतात, त्यावरून संगणकात प्रवाह काढायचा आणि प्रयोगशाळेतल्या मोजमापाशी ताडून बघायचा, एवढंच माझं काम.

कमी विद्युतदाबाला माझी रेघ मोजमापावर बसली. जास्त दाबाला मात्र मोजलेला प्रवाह माझ्या रेघेच्या बराच खाली होता. काही इलेक्ट्रॉन पृष्ठभागावर अडकत असावेत. पण किती, ते दाखवणारं मोजमाप आमच्याकडे नव्हतं.

मार्गदर्शक सर नायगावचे, पूर्वी लातूरच्याच क्लासमध्ये शिकवायचे. त्यांनी खुर्चीतूनच पडद्याकडे पाहिलं.

“इलेक्ट्रॉनची गती जरा कमी धर. बसतंय की.”

“मग कमी दाबाचे बिंदू सुटतात, सर.”

“काढून टाक ते. कोण विचारून राहिलंय?”

मी नाही म्हटलं. सर हसले. “पत्रकवाल्या मास्तरची पोर शोभतेस बाई. पण तुझी तासिकेची नोकरी या सत्रात प्रबंध विद्यापीठात गेला तरच टिकते, हे पत्रकात छापलंय का?”

छापलेलं नव्हतं. मी आलेखातली फट तशीच ठेवली आणि खाली लिहिलं, ‘हा फरक कशामुळे पडतो, हे आम्हाला खात्रीने सांगता येत नाही.’ सरांनी सही केली, पण पुढच्या सत्रात. तोवर माझे तास दुसऱ्याला गेले होते. वडिलांना फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, “ते वाक्य कितव्या पानावर आहे?”

माझा राहिला त्या सत्रात बाकीचे प्रबंध वेळेवर गेले. त्यांतले आलेख मी पाहिले. सगळे तंतोतंत जुळलेले.

तुमच्या घरातलं कोणी क्लासला जात असेल, तर आज त्याचं सोडवून झालेलं एक गणित घ्या. पर्याय हाताने झाका आणि ते पुन्हा सोडवायला सांगा. अडलं तर रागावू नका. नेमकं कुठे अडलं, ते त्याच्याच अक्षरात लिहून घ्या.