दुमजली हेलिकॉप्टर

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाचं टोपणनाव 'वरखाली' पडलं यात नवल काहीच नाही. नवल एवढंच की ते मित्रांनी पाडलेलं नव्हतं. लग्नाची बोलणी चालू असताना भावी सासऱ्यांनी विचारलं होतं, "मुलगा काय करतो?" कोणीतरी म्हणालं, लिफ्टचं काम करतो. सासरे मापं घेणाऱ्या नजरेने त्याच्याकडे बघत म्हणाले, "म्हणजे जन्मभर वरखाली. पुढे कधी जाणार?" सगळे हसले. तोही हसला, पण ते वाक्य त्याच्या मनात रुतून बसलं ते बसलंच. लग्न झालं, मुलगी मोठी होऊन शिकायला बाहेर गेली, तरी हलायचं नाव नाही.

तसं त्याच्या कामात वाईट काय होतं? लिफ्ट अडकली की लोक देवापेक्षा आधी त्याची आठवण काढत. दोन मजल्यांच्या मधे अडकलेल्या बायकांना तो दाराच्या फटीतून असे विनोद सांगायचा की सुटका झाल्यावर त्या उरलेला अर्धा विनोद ऐकायला थांबायच्या. गडी हुशार, हात सफाईदार आणि स्वभावाने पालथ्या घागरीसारखा, मनात काही साठायचंच नाही. ते एक वाक्य सोडून.

आणि छंद बघा काय लागला! रिमोटवर उडणारं हेलिकॉप्टर, तेही दुमजली. म्हणजे एकाच दांड्यावर पात्यांच्या दोन जोड्या, एक वर, एक खाली. वरची एका दिशेने फिरते, खालची उलट दिशेने. दोघींची ओढाताण एकमेकींत फिटते, त्यामुळे खालचं धड गरगरत नाही आणि शेपटीला वेगळा पंखा लागत नाही. वरच्या पात्यांच्याही वर एक आडवा दांडा असतो, त्याच्या दोन्ही टोकांना छोटी वजनं. तो फिरत राहतो आणि सगळ्याचा तोल सांभाळतो. रिमोटवरचा हात काढला तरी हे हेलिकॉप्टर शहाण्या मुलासारखं जागच्या जागी तरंगत राहतं.

फक्त पुढे जायचं नाव घेत नाही. जरा जोरात ढकललं की नाक वर करतं आणि स्वतःच ब्रेक लावतं. त्यातून जबरदस्तीने पळवलंच, तर वारा एका बाजूच्या पात्यांना उचलतो, दुसऱ्या बाजूच्यांना दाबतो. पात्यांच्या जोड्या उलट्या फिरणाऱ्या, त्यामुळे त्या कलतातही उलट्या. मग एका बाजूला वरची आणि खालची टोकं एकमेकांवर आपटतात आणि खेळ खलास. हा दोष दुकानदाराचा नाही आणि उडवणाऱ्याचाही नाही. यंत्राची घडणच तशी.

रविवारी बॅडमिंटनच्या हॉलमधे जमणाऱ्या मंडळींची हेलिकॉप्टरं एकमजली होती. ती उलटी उडायची, गिरक्या घ्यायची. मंडळी त्याला विचारत, "काय वरखाली, आज कितव्या मजल्यापर्यंत?" दुसऱ्या कोणी सरळ नवं एकमजली घेतलं असतं. याला मात्र हेच पुढे न्यायचं होतं. का, ते तुम्हाला कळलंच असेल.

त्यात शर्यत ठरली. घड्याळ लावून एकेकाने हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं, खांबाला वळसा घालायचा आणि परत यायचं. चहाच्या घोटाबरोबर याच्या तोंडून निघून गेलं, "माझं दुमजली तुमच्यातल्या एकाला तरी मागे टाकणार." आता माघार कुठली?

घरात तेव्हा वेगळंच चाललं होतं. सासूबाई गेल्यापासून सासरे यांच्याकडेच राहायला आले होते. जन्मभर त्यांनी कोट शिवले. एका आजारपणानंतर हात थरथरू लागले, मग सुई सुटली, कात्री सुटली. पुढे पुढे तर चारचौघांत चहाचा कप उचलणंही त्यांनी सोडलं. सांडला तर? खोलीत जायचं, दार लावायचं आणि एकट्याने प्यायचा. एक दिवस त्यांनी माळ्यावरची बॅग खाली काढून घेतली आणि जाहीर केलं की महिनाअखेरीला आपण वृद्धाश्रमात जाणार. तिथे सगळ्यांचेच हात थरथरतात म्हणे.

"अहो, तुम्ही तरी बोला ना बाबांशी," बायको रडकुंडीला येऊन म्हणाली.

"मी काय बोलणार? माझं ऐकणार आहेत ते?"

तिने डोळे पुसले आणि विषय सोडला. त्यालाही वाईट वाटलं, खूप वाटलं. पण वाईट वाटलं की तो हात कामात घालायचा, आणि काम समोर होतंच. त्याने पात्यांच्या दोन जोड्यांमधलं अंतर वाढवलं. मऊ पाती काढून कडक बसवली, म्हणजे वाकून एकमेकांना लागायला नकोत. नाकात शिशाचा तुकडा कोंबला. शेवटी आडव्या दांड्याच्या टोकांची वजनं उतरवून डब्यात टाकली, कारण ब्रेक लावणारी मूळ कारटी तीच होती.

दिवाणखान्यात पहिलीच चाचणी घेतली. हेलिकॉप्टर सुसाट सुटलं. ते पुढे चाललेलं बघून याचा आनंद गगनात मावेना. मावेपर्यंत ते सासऱ्यांच्या अर्धवट उघड्या दारातून आत गेलं आणि बॅगेवर आपटलं.

तो ओशाळून आत गेला. सासऱ्यांनी हेलिकॉप्टर उचलून मांडीवर घेतलं होतं. पाती बोटाने हळूच फिरवून बघत होते.

"अवघड आहे का हो उडवायला?" त्यांनी विचारलं.

कित्येक महिन्यांत त्यांनी कशाबद्दल काही विचारलं नव्हतं. याने हर्षाने रिमोट त्यांच्या हातात दिला. "अजिबात नाही बाबा! लहान मूलसुद्धा उडवेल."

काय ही अवदसा आठवली! तोल सांभाळणारी वजनं आपण काढून ठेवली आहेत, हे तो साफ विसरला. हाताची थरथर जशीच्या तशी यंत्रात उतरली. हेलिकॉप्टर तडफडलं, भिंतीवर गेलं, छताला लागलं आणि पाण्याचा तांब्या घेऊन खाली आलं. सासऱ्यांनी रिमोट पलंगावर ठेवला, हात मांडीखाली दडपले आणि म्हणाले, "लहान मूल उडवेल. मी नाही." मग ते बॅगेत कपडे भरायला लागले.

दारात बायको उभी होती. ती आत आली आणि सांडलेलं पाणी पुसायला लागली. त्याला वाटलं, तिने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

शर्यतीच्या सकाळी तो टेबलाशी बसला. समोर वेगवान झालेलं हेलिकॉप्टर, बाजूला तो डबा. बराच वेळ त्याने डबा उघडला नाही. एकदा तरी पुढे जायची संधी होती, आणि शब्दही दिलेला. मग स्वतःलाच एक शिवी हासडून त्याने शिशाचा तुकडा उपसून काढला. मऊ पाती लावली, अंतर पहिल्यासारखं केलं आणि ती दोन वजनं जागच्या जागी बसवली. शर्यत गेली.

"बाबा," बायको वडिलांना म्हणाली, "आज यांची फजिती होणार आहे. बघायला चला." जावयाची फजिती म्हटल्यावर कुठला सासरा घरी थांबेल?

याची पाळी आली तेव्हा तो खुर्च्यांकडे गेला आणि रिमोट सासऱ्यांच्या मांडीवर ठेवला.

"वेड लागलंय का तुम्हाला? परवा काय झालं ते बघितलंत ना?"

"परवा चूक माझी होती. मी त्याचा तोलच काढून घेतला होता. आज परत बसवलाय."

"लोक बघतायत, जावईबापू."

"बघू दे. मला तर दर रविवारी बघतात."

सासऱ्यांनी रिमोट धरला. हात थरथरत होते, सगळ्यांना दिसत होते. हेलिकॉप्टर मात्र शांतपणे उठलं. वरचा दांडा आपल्याच नादात फिरत होता आणि खालच्या थरथरीचा त्याला पत्ताच नव्हता.

"पुढे जात नाहीये हो!"

"जोरात नका ढकलू, नाक वर करेल. जरासं ढकला. सोडा. परत जरासं."

जरासं, जरासं करत ते निघालं. एकमजली मंडळी आधी हसली, मग घड्याळं बघू लागली, मग एकजण उठून चहा सांगायला गेला. मधेच दारातून वारा आला, तर हेलिकॉप्टर हातभर मागेच सरकलं. सासरे पुटपुटले, "थांब रे बाळा," आणि वारा पडेपर्यंत खरंच थांबले. खांबाला वळसा पडला तेव्हा घड्याळं बघणारे उभे राहून हेलिकॉप्टर बघत होते. परत आलेलं हेलिकॉप्टर त्यांनी आपल्या दोन बुटांच्या मधे अलगद उतरवलं.

नंबर अर्थातच शेवटचा.

चहा आला. बायको सवयीने वडिलांचा कप आडोशाला न्यायला निघाली, तोच त्यांनी तो तिच्या हातातून घेतला आणि तिथेच, सगळ्यांसमोर तोंडाला लावला. थोडा बशीत सांडला, थोडा कोटावर. त्यांनी उरलेला पिऊन टाकला.

"अर्धा सांडला," ते चहावाल्याला म्हणाले. "अजून एक आण."

बायकोने नवऱ्याचा दंड इतका घट्ट धरला की संध्याकाळपर्यंत दुखत होता.

घरी आल्यावर सासरे आपल्या खोलीत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला, बराच वेळ कपडे ठेवल्याचा आवाज आला. मग ते रिकामी बॅग घेऊन बाहेर आले आणि त्याच्यासमोर धरली.

"वर टाका ही माळ्यावर. ते काम तुमचंच."

तो स्टुलावर चढला.